देवांची मुलं, दहावी ‘ब’: कॉमिक करणाऱ्यांचे वारंवार विचारले जाणारे प्रश्न

देवांची वयात येणारी मुलं एका शाळेत शिकतात, या कल्पनेवर कॉमिक करू पाहणारे नाशिक आणि परिसरातले लेखक, चित्रकार आणि कलाशिक्षक जे प्रश्न पुन्हा पुन्हा पाठवतात ते इथे एकत्र केले आहेत. सुरुवातीला गोष्टीचे प्रश्न आहेत, मग चित्रांचे, शेवटी छपाईचे आणि कागदपत्रांचे. एकच गोष्ट दोनदा सांगावी लागू नये म्हणून जागोजागी दुसऱ्या प्रश्नाचा क्रमांक दिला आहे.

१. देवांची मुलं आणि शाळा ही कल्पना परदेशी नाही का? आपल्याकडे ती ओढूनताणून वाटेल.

अजिबात नाही. महाभारताच्या आदिपर्वातली कचाची गोष्ट वाचा. कच हा देवांचे गुरू बृहस्पती यांचा मुलगा. तो शिकायला जातो थेट शत्रूच्या गुरूकडे, शुक्राचार्यांकडे, कारण संजीवनी विद्या फक्त त्यांना येते. तिथले दानव त्याला पुन्हा पुन्हा मारतात. एकदा तुकडे करून लांडग्यांना घालतात, शेवटी तर जाळून राख मद्यात मिसळतात आणि ते मद्य शुक्राचार्यांनाच पाजतात. दर वेळी गुरूची मुलगी देवयानी वडिलांकडे हट्ट धरून त्याला जिवंत करवते. नव्या शाळेत आलेला परका मुलगा, त्याच्यावर टपलेली टोळी आणि त्याची बाजू घेणारी सरांची मुलगी, हा सगळा ऐवज तिथे आधीच आहे.

कृष्ण आणि बलराम सांदीपनींकडे शिकतात. भागवतात चौसष्ट दिवसांत चौसष्ट कला शिकल्याचं येतं, आणि सुदामा तिथलाच वर्गमित्र. द्रोणांचा वर्ग घ्या: युधिष्ठिर धर्माचा, भीम वायूचा, अर्जुन इंद्राचा, नकुल-सहदेव अश्विनीकुमारांचे. देवपुत्रांनी भरलेला वर्ग म्हणतात तो हाच. त्यामुळे नवं काही रचण्याआधी मूळ गोष्ट पूर्ण वाचा. बहुतेक कच्च्या संहितांमध्ये उणीव असते ती कल्पनेची नव्हे, या वाचनाची.

२. कोणकोणत्या मुलांना घेता येईल? गणपती आणि कार्तिकेय सोडून फारसं कोणी आठवत नाही.

सगळ्यात भरलेलं घर सूर्याचं. त्याची पत्नी संज्ञा ही विश्वकर्म्याची मुलगी. तिची मुलं मनू, यम आणि यमी. सूर्याचं तेज सोसवेना म्हणून ती आपल्या जागी स्वतःची सावली, छाया, ठेवून निघून गेली. छायेची मुलं सावर्णी, शनी आणि तपती. छाया सावत्र मुलांना दुजाभाव दाखवू लागली तेव्हा यमाने रागाने तिच्यावर पाय उगारला आणि तिने त्या पायाला शाप दिला. पुढे घोडीच्या रूपातल्या संज्ञेला अश्विनीकुमार झाले. सावत्र आई, घर सोडून गेलेली आई, पाय उगारून पस्तावलेला मोठा मुलगा आणि सगळे ज्याला टाळतात तो धाकटा: या एका घरावर वर्षभराचं कॉमिक उभं राहतं. तपती म्हणजे तापी, आणि नाशिक जिल्ह्यातून वाहणारी गिरणा पुढे तिलाच मिळते, हेही हाताशी असू द्या.

इंद्राचा मुलगा जयंत आणि मुलगी जयंती. कुबेराचे नलकुबर आणि मणिग्रीव, हे नारदाच्या शापाने अर्जुनवृक्ष झाले. श्रीमंत घरातल्या बेफाम मुलांना वळण लागण्याची ही गोष्ट. कृष्णाचे प्रद्युम्न आणि सांब. मारुतीचा मकरध्वज, पाताळाच्या दारावर पहारा देणारा आणि स्वतःच्या बापाशीच लढणारा. शंकर-पार्वतीची मुलगी अशोकसुंदरी, पद्मपुराणात येणारी. आणि वर्चस. हा चंद्राचा मुलगा. आदिपर्वात चंद्र त्याला पृथ्वीवर पाठवायला तयार होतो ते एका अटीवर: सोळा वर्षं, त्याहून जास्त नाही. तोच अभिमन्यू म्हणून जन्मतो. आपण किती दिवसांचे सोबती आहोत हे माहीत असलेला पंधरा वर्षांचा मुलगा दहावीच्या बाकावर बसलाय, ही एक चौकटच वाचकाला थांबवते.

मुली मूळ याद्यांमध्ये कमी आहेत. यमी, तपती, जयंती, देवयानी आणि अशोकसुंदरी या पाचजणी आधी घ्या, नव्या मुली रचण्याची घाई करू नका.

३. प्रत्येक पुराणात वेगळं सांगितलंय. खरं कोणतं धरायचं?

तुमच्या कॉमिकपुरता एक ग्रंथ धरा आणि शेवटपर्यंत सोडू नका. गोंधळ होतो तो अर्धं इथून आणि अर्धं तिथून उचलल्यावर. कार्तिकेय महाराष्ट्रात ब्रह्मचारी मानतात, तमिळनाडूत तो वल्ली आणि देवसेना यांचा पती आहे. मकरध्वज वाल्मिकी रामायणात नाहीच, तो नंतरच्या कथांमधून आला. अशा जागी वाचक हमखास पत्र लिहितो.

एक वही करा. प्रत्येक पात्राला दोन पानं: आई, वडील, वाहन, आयुध, शाप किंवा वर, आणि समोर हे कुठून घेतलं त्याची नोंद. जे तुम्ही स्वतः रचलं त्याच्या पुढे लाल पेनाने खूण. ही वही पुढे प्रश्न १२मध्येही उपयोगी पडते. महाभारतासाठी पुण्याच्या भांडारकर संस्थेची चिकित्सक आवृत्ती, म्हणजे अनेक हस्तलिखितं ताडून केलेली, पडताळायला चांगली. नाशिकमध्ये १८४०पासून चालत आलेलं सार्वजनिक वाचनालय आहे, पुराणांच्या मराठी भाषांतरांचा शोध तिथून सुरू करा.

४. मकरध्वज त्रेतायुगातला, अभिमन्यू द्वापारातला. एका वर्गात कसे?

दोन रस्ते आहेत. पहिला: शाळा काळाच्या बाहेरची आहे असं पहिल्या पानावर एका ओळीत सांगा आणि पुन्हा त्याचं स्पष्टीकरण देत बसू नका. दुसरा, जास्त नीटस: पृथ्वीवरच्या अवताराऐवजी देवलोकातलं मूल घ्या. अभिमन्यूऐवजी वर्चस घेतला की त्याचं युद्ध अजून व्हायचं आहे आणि युगाचा प्रश्नच उरत नाही. अर्जुन, कर्ण यांना मात्र टाळाच. त्यांचं आयुष्य वाचकाला इतकं पाठ आहे की शाळेतला कुठलाही प्रसंग त्या पुढच्या गोष्टीखाली दबतो.

५. कोणाला किती शक्ती द्यायची?

प्रत्येकाला एकच, आणि तिची किंमत ठरलेली. किंमत शक्तीतूनच निघावी. कचाला संजीवनी येते, पण देवयानीच्या शापामुळे ती त्याच्या स्वतःच्या हातून फळत नाही. तो ज्याला शिकवेल त्याला फळते. म्हणजे हा मुलगा कोणालाही वाचवू शकत नाही, फक्त दुसऱ्याला वाचवायला शिकवू शकतो. इतकी नेमकी मर्यादा आपल्याला रचून सुचली नसती. शनीची नजर ज्यावर पडेल त्याचं बिघडतं, म्हणून तो मान वर करत नाही. सरांना वाटतं मुलगा उद्धट आहे.

दुसरा नियम: वडिलांची शक्ती मुलाला आयती मिळत नाही. मिळाली तर गोष्ट तिसऱ्या अंकात संपते, कारण इंद्राच्या मुलाने वीज पाडली की वर्गातल्या कुठल्याच भांडणाला अर्थ राहत नाही. शाळेच्या आवारात अस्त्रं चालत नाहीत असा नियम ठेवा आणि तो कोणी मोडला तर काय होतं ते पहिल्या दोन अंकांत एकदा दाखवून टाका.

६. गोष्ट नाशिकमध्ये घडवायची आहे. कोणत्या जागा खरोखर कामाला येतात?

नुसती ओळखीची देवळं मागे काढून नाशिक उभं राहत नाही. जी जागा गोष्टीत काम करते तीच घ्या.

गोदाघाटावरचा दुतोंड्या मारुती पाहा. पावसाळ्यात गंगापूर धरणातून पाणी सोडलं की अख्खं शहर पूर त्याच्यावरून मोजतं: गुडघ्याला लागलं, कमरेला आलं, छातीपर्यंत चढलं. वायुपुत्राची मूर्ती आणि तीच पुराची पट्टी. दर अंकाच्या पहिल्या चौकटीत तो काढा आणि पाण्याची रेषा बदलत न्या. पूर येतोय हे एकही शब्द न लिहिता कळतं. आधी घाटावर जाऊन पायऱ्यांच्या तुलनेत त्याची उंची नीट टिपून घ्या, कारण हा मारुती नाशिककरांच्या डोळ्यांत बसलेला आहे आणि माप चुकलं की लगेच कळतं.

पंचवटीतल्या कपालेश्वराच्या देवळात महादेवासमोर नंदी नाही. स्थानिक कथा सांगते की ब्रह्महत्येच्या पापातून सुटण्यासाठी रामकुंडाची वाट नंदीने दाखवली, म्हणून शंकराने त्याला गुरू मानलं आणि गुरूला समोर बसवायचं नाही. मग नंदी कुठे आहे? तुमच्या शाळेत, मुख्याध्यापकांच्या खुर्चीत. शंकरही ज्यांच्यापुढे हात जोडतात असे सर मिळाले की पालकसभेचं दृश्य आपोआप रंगतं.

अंजनेरी, त्र्यंबक रस्त्यावर. मारुतीचा जन्म इथला अशी श्रद्धा आहे, म्हणजे मकरध्वजाच्या आजीचं गाव. सहलीचा अंक इथे करा. त्रिरश्मी डोंगरावरच्या लेण्यांना आपण पांडवलेणी म्हणतो, पण ती बौद्ध भिक्खूंसाठी कोरलेली आहेत. तिथे पांडवांचं वास्तव्य दाखवू नका. त्याऐवजी सातवाहन राणी गौतमी बलश्रीचा शिलालेख घ्या: तिचा मुलगा गौतमीपुत्र, आईच्या नावाने ओळखला जाणारा राजा. सगळे ज्यांना वडिलांच्या नावाने हाक मारतात अशा मुलांच्या सहलीत ही भिंत बरंच काही बोलते.

रंगपंचमीला जुन्या नाशकात पेशवेकाळापासूनच्या रहाडी उघडतात, दगडी हौदातल्या रंगात उड्या पडतात. रंगीत पानांचा अंक करायचा असेल तर हाच.

७. सिंहस्थ आणावा का?

जरूर, आणि आत्ताच. पुढचा सिंहस्थ २०२७चा. गुरू सिंह राशीत आला की सिंहस्थ, आणि गुरू म्हणजे बृहस्पती, कचाचे वडील. एका प्रचलित कथेप्रमाणे अमृताचा कुंभ घेऊन पळाला तो इंद्राचा मुलगा जयंत, आणि थेंब सांडले ते हरिद्वार, प्रयाग, उज्जैन आणि नाशिकला. म्हणजे नाशिकचं सगळ्यात मोठं पर्व एका देवपुत्राच्या धावपळीतून आलेलं आहे. वर्गातल्या जयंताला ‘सांडलंस ना?’ असं कोणीतरी चिडवणारच.

दोन चुका नेहमी होतात. नाशिकला वैष्णव आखाडे रामकुंडावर स्नान करतात आणि शैव आखाडे त्र्यंबकेश्वरला कुशावर्तावर. चित्रात हे उलटसुलट करू नका. आणि कावळा होऊन सीतेला त्रास देणारा जयंत पंचवटीत काढू नका. रामायणात तो प्रसंग चित्रकूटचा आहे. रामाने मंतरलेली दर्भाची काडी त्याच्या मागे लागते आणि शेवटी त्याचा उजवा डोळा जातो. हा प्रसंग घेतलात तर पुढे जयंताचा चेहरा काढताना उजवा डोळा लक्षात ठेवा.

८. मुलं कशी बोलतील? देवांची आहेत म्हणून शुद्ध मराठी?

पालक शुद्ध बोलू द्या, मुलं नाही. मुलं एकमेकांना ‘अरे’, ‘ए’, ‘गप ना’ म्हणतील, बाईंना ‘बाई’ किंवा ‘मॅडम’, सरांना ‘सर’, आणि घरी वडिलांना ‘बाबा’. इंद्रालाही. ‘हे तात’ एकदाच, तेही स्नेहसंमेलनाच्या नाटकात. मालेगाव, सटाणा, कळवणकडचं पात्र असेल तर अहिराणी येईल, पण ती रोज बोलणाऱ्या माणसाकडून एकेक ओळ तपासून घ्या. गावाकडचं पात्र म्हणजे विनोदी पात्र, हे करू नका.

संवादाच्या एका फुग्यात वीस-बावीस शब्दांच्या वर जाऊ नका. मराठीत प्रत्यय शब्दालाच चिकटतात, शब्द लांब होतात, आणि फुगा चेहऱ्यावर चढतो.

९. वर्गात कोणाचं कोणावर प्रेम दाखवावं का?

आवडणं, रुसणं, चिठ्ठी इथपर्यंत. पात्रं अठरा वर्षांखालची आहेत, त्यामुळे त्यापुढे काहीही नको, चित्रातही नाही. आणि जोडी ठरवण्याआधी प्रश्न ३मधली वही उघडा. काही पुराणांत देवयानी ही शुक्राचार्य आणि इंद्रकन्या जयंती यांची मुलगी आहे, म्हणजे जयंत तिचा सख्खा मामा लागतो. कचाचा नकार घ्यायचा असेल तर त्याचं कारण मूळात आहे तेच ठेवा: तो शुक्राचार्यांच्या पोटातून बाहेर आला, म्हणून ती त्याला बहिणीच्या जागी. देवयानीला खलनायिका करू नका. तिने त्याला इतक्यांदा वाचवलं आहे, तिच्या रागाला जागा द्या.

१०. सहा तोंडांचा कार्तिकेय गणवेशात कसा काढायचा?

रोजच्या चौकटीत एकच तोंड काढा आणि बाकीची पाच प्रसंगानुसार बाहेर येऊ द्या: परीक्षेत एकदम सहा, भांडणात तीन. रोज सहा तोंडं काढली तर एका पानाला दुप्पट वेळ लागतो आणि भाव कोणत्या चेहऱ्यावर वाचायचा हे वाचकाला कळत नाही.

गणवेश सगळ्यांना सारखाच, म्हणून ओळख आकृतीतून यावी. कसोटी सोपी आहे: सगळी पात्रं एका रांगेत उभी काढा आणि आतून पूर्ण काळी भरा. नुसत्या सावलीवरून कोण कोण ते ओळखता आलं पाहिजे. यम रुंद आणि जरा लंगडा, शनी खाली मान घातलेला, नलकुबर बाह्या वर दुमडलेला. आयुधाऐवजी वस्तू द्या: यमाकडे वर्गाचं हजेरीपुस्तक, सांबाकडे कायम कोणाचं तरी उसनं पेन. वाहनं शाळेबाहेर थांबतात, रिक्षाकाकांच्या शेजारी. मोर, रेडा आणि कावळा यांचे आपसातले प्रसंग वाचकांना फार आवडतात. दर दोन अंकांतून एक पान त्यांना ठेवा.

११. कॅलेंडरवरचं किंवा मालिकेतलं रूप बघून काढलं तर चालतं का?

पुराणातली कथा कोणाच्याही मालकीची नाही. पण मालिकेतला वेश, दुसऱ्या कॉमिकमधली मुद्रा, नवं भाषांतर, नवी कादंबरी यांवर हक्क असतो, आणि १९५७च्या कायद्यानुसार तो लेखक किंवा चित्रकाराच्या मृत्यूनंतर ६० वर्षं टिकतो. राजा रविवर्मा १९०६ साली गेले, त्यांची चित्रं मोकळी आहेत. मात्र आपल्या मनातले देव बऱ्याच अंशी त्यांच्याच छापील चित्रांतून आलेले आहेत, आणि वेगळं काही करायचं तर तिथून निघायलाच हवं. जुन्या मूर्ती, चित्रकथीची चित्रं, देवळांवरचं कोरीवकाम प्रत्यक्ष बघून रेखाटा. फोटोवरून गिरवलेली मूर्ती आणि समोर बसून काढलेली मूर्ती यांच्या रेषेत फरक दिसतो.

१२. भावना दुखावल्याची तक्रार झाली तर?

कायदा आधी समजून घ्या. १ जुलै २०२४पासून भारतीय न्याय संहितेचं कलम २९९ लागू आहे. जाणूनबुजून आणि द्वेषबुद्धीने धार्मिक भावना दुखावणं हा गुन्हा, शिक्षा तीन वर्षांपर्यंत कैद किंवा दंड किंवा दोन्ही. हेतू हा त्यातला मुख्य भाग आहे. म्हणून प्रश्न ३मधली वही जपा. कोणता प्रसंग कुठून घेतला हे त्यातून दाखवता येतं. प्रत्यक्ष नोटीस आली तर वकिलाकडे जा, समाजमाध्यमांवर उत्तर देत बसू नका.

त्याहून महत्त्वाचं म्हणजे, पूजेतल्या मूर्तीची चेष्टा आणि मुलाच्या फजितीची गंमत यांतला फरक वाचकाला कळतो. शनी नापास होऊ शकतो. शनीच्या देवळात तेल घालणाऱ्या माणसाला मूर्ख दाखवलंत तर तो वाचक कायमचा गेला. पालक असलेले देव फार वेळा समोर आणू नका. दारातून दिसणारे पाय, फोनवरचा आवाज, प्रगतिपुस्तकावरची सही एवढं पुरतं, आणि मुलांना जागा मिळते.

बुधासारख्या पात्राचा जन्म, म्हणजे बृहस्पतीची पत्नी तारा आणि चंद्र यांची गोष्ट, लहान वाचकांसाठी आहे तशी घेता येत नाही. ‘याचे वडील कोण यावरून देवांत युद्ध झालं’ एवढं एक वाक्य लिहा. मुलाच्या बाजूने तेच सगळ्यात बोचरं आहे.

१३. डोंगऱ्या देव, वाघदेव किंवा ग्रीक देव यांची मुलं घेता येतील का?

ग्रीक देवांची मुलं पाहुणे विद्यार्थी म्हणून एखाद्या अंकात ठीक. सुरगाणा, पेठ, कळवण भागातल्या आदिवासींचे देव ही मात्र वेगळी बाब. ते आजही पुजले जातात, त्यांच्या कथा ग्रंथांत नाहीत, माणसांच्या तोंडी आणि भगतांच्या गाण्यांत आहेत. त्या समाजातला लेखक किंवा सल्लागार सोबत नसेल तर घेऊ नका. असेल तर त्याचं नाव मुखपृष्ठावर घाला.

१४. पानाचं माप किती ठेवू? चौकटी किती?

ए-५ छापायचं असेल तर मूळ चित्र ए-४वर काढा, ए-४ छापायचं असेल तर ए-३वर. चित्र लहान होतं तेव्हा रेषाही बारीक होते, ०.१च्या पेनाने केलेली बारीक छटा छपाईत उडून जाते, म्हणून ०.३च्या खाली उतरू नका. कागद गुळगुळीत आणि जाड, शाई पाण्याने न पसरणारी. स्कॅन नुसत्या रेषांचा असेल तर ६०० डीपीआय (दर इंचातले ठिपके), रंगीत असेल तर ३००.

ए-५ला पाच चौकटी पुरे, सहा म्हणजे कमाल. वर्गातली गर्दी असेल तर चार. अंक सोळा किंवा बत्तीस पानांचा धरा, कारण प्रेसमध्ये हिशोब फर्म्यावर होतो आणि एक फर्मा म्हणजे साधारण सोळा पानं. पानं चारच्या पटीत नसतील तर शेवटी कोरी पानं राहतात.

आधी डमी करा. साधे कागद दुमडून लहान वही बनवा, तिच्यात पेन्सिलीने ढोबळ चौकटी आखा आणि पानं उलटून बघा. आश्चर्याची चौकट डाव्या पानावर, म्हणजे पान उलटल्यावर, यायला हवी. ही चूक डमीत पाच मिनिटांत सुटते, रंगवून झाल्यावर आठवडा जातो.

१५. देवनागरी अक्षरं फुग्यात नीट बसत नाहीत. काय चुकतं?

बहुतेक वेळा चार गोष्टींपैकी एक.

ओळींतलं अंतर. इंग्रजीच्या सवयीने ओळी जवळ घेतल्या की वरच्या ओळीचा उकार खालच्या ओळीच्या मात्रेत अडकतो. अक्षराच्या मापाच्या निदान १.३ पट अंतर ठेवा, रफार आणि अनुस्वार जास्त असतील तर १.४.

अक्षरांमधलं अंतर. हे शून्यच असलं पाहिजे. जागा भरायला थोडं ताणलं की शिरोरेषा तुटते आणि शब्द दातेरी दिसतो.

सॉफ्टवेअर. ऱ्हस्व वेलांटी अक्षराच्या पुढे उडी मारते किंवा रफार भलत्याच अक्षरावर बसतो, तेव्हा फॉन्ट दोषी नसतो. प्रोग्राम देवनागरी जुळवत नसतो. फोटोशॉप आणि इलस्ट्रेटरमध्ये दक्षिण आशियाई लिप्यांचा पर्याय सेटिंगमध्ये चालू करावा लागतो. इंकस्केप फुकट आहे आणि देवनागरी नीट हाताळतो. जुने बिगर-युनिकोड फॉन्ट वापरू नका, फाइल दुसऱ्या संगणकावर गेली की मजकुराचं कडबोळं होतं.

फॉन्ट. बालू, कलम, मुक्ता हे मोफत आणि मुक्त परवान्याचे आहेत. निवडताना तीन शब्द टाइप करून पाहा: ‘वाऱ्यावर’, ‘लक्ष्मी’, ‘शाळा’. पहिल्यात अर्धचंद्रासारखा ‘ऱ्’ आला पाहिजे, बाकीच्या दोन्हींत ‘ल’ आणि ‘श’ मराठी वळणाचे आहेत का ते दिसतं.

ए-५ला १० पॉइंटच्या खाली जाऊ नका. फुगा गोलापेक्षा आडवा, गोल कोपऱ्यांचा ठेवा. ओरडण्यासाठी आपल्याकडे इंग्रजीसारखी कॅपिटल अक्षरं नाहीत. अक्षर जाड आणि मोठं करा, फुग्याची कड दातेरी. आणि फुगे पेन्सिलीच्या टप्प्यावरच आखा. शेवटी जागा शोधायची वेळ आली की फुगा नेमका हातावर किंवा डोळ्यांवर बसतो.

१६. आवाज इंग्रजीत लिहू की मराठीत?

मराठीत. ‘धप्प’, ‘खण्ण’, ‘सळसळ’, ‘चर्रर्र’, ‘फाडकन’, ‘टण टण टण’. हाताने काढा, फॉन्टने नको. शिरोरेषा वाकवली, तडकवली की आवाजाची दिशा दिसते.

१७. छापून आल्यावर रंग काळपट आणि अक्षरं धूसर दिसतात. का?

रंग पडद्यावर प्रकाशाचे असतात, कागदावर शाईचे. झगझगीत निळा आणि हिरवा छपाईत उतरत नाही. सुरुवातीपासून सीएमवायकेमध्ये, म्हणजे छपाईच्या चार शायांच्या रंगपद्धतीत, रंगवा, आणि शनी-यमासारखी काळी-निळी पात्रं असतील तर एक पान आधी छापून पाहा.

धूसर अक्षरांचं कारण दुसरं: काळं अक्षर चार शायांचं झालेलं असतं. प्लेट केसभर सरकली तरी कडेला रंगीत सावली येते. मजकूर फक्त काळ्या शाईत, १०० टक्के. बाहेरच्या बाजूंना ३ मिमी जास्तीचं चित्र सोडा, आणि कापण्याच्या रेषेपासून ८ ते १० मिमी आत कोणताही फुगा नको. प्रेसला पाठवण्याआधी अक्षरांचं आकृतीत रूपांतर करा, म्हणजे त्यांच्याकडे फॉन्ट नसला तरी बिघडत नाही. पण त्याआधीची दुरुस्त करता येणारी प्रत वेगळी जपा.

शे-दोनशे प्रती असतील तर डिजिटल छपाई, पाचशेच्या वर गेलात तर ऑफसेटचा दर विचारा. बत्तीस पानांना मधोमध पिना मारलेलं बाइंडिंग पुरतं. आतला कागद १०० ते १३० जीएसएम (कागदाच्या जाडीचं, वजनाचं माप), नाहीतर मागच्या पानावरची काळी रात्र पुढच्या पानावर दिसते.

१८. फक्त फोनवर वाचण्यासाठी करायचं असेल तर?

उभ्या पट्टीत करा, रुंदी ८०० पिक्सेल. मूळ काम त्याच्या दुप्पट रुंदीवर. त्या ८०० रुंदीवर अक्षर ३४ पिक्सेलच्या खाली नको, कारण फोनवर चित्र निम्म्याहून लहान दिसतं. पुढे छापायचाही विचार असेल तर आधी छापील पान करा आणि मग चौकटी सुट्या करून उभ्या लावा. उलट दिशेने जाणं फार कष्टाचं आहे.

१९. आयएसबीएन, नोंदणी वगैरे लागतं का?

विक्रीला ठेवायचं तर आयएसबीएन, म्हणजे पुस्तकाचा आंतरराष्ट्रीय क्रमांक, घ्या. भारतात तो राजा राममोहन रॉय राष्ट्रीय संस्थेच्या संकेतस्थळावरून मोफत मिळतो. मालकी हक्क चित्र काढल्या क्षणापासून तुमचाच असतो, नोंदणी सक्तीची नाही. पण वाद झाला तर पुरावा म्हणून उपयोगी, आणि साहित्यकृतीसाठी शुल्क ५०० रुपये आहे. १९५४च्या कायद्यानुसार प्रकाशित पुस्तकाची एक प्रत कोलकात्याच्या राष्ट्रीय ग्रंथालयाला आणि एकेक प्रत चेन्नई, मुंबई आणि दिल्लीच्या नेमलेल्या ग्रंथालयांना ३० दिवसांत पाठवायची असते. नवखे प्रकाशक हे हमखास विसरतात.

२०. आमचा चित्रकार अकरावीत आहे. करार कसा करायचा?

अठरा वर्षांखालच्या मुलाने केलेला करार कायद्याने टिकत नाही. त्याच्या वतीने आई किंवा वडिलांनी सही करावी. कागदावर चार गोष्टी स्पष्ट हव्यात: पात्रांचं रूप कोणाच्या मालकीचं, मूळ कागद कोणाकडे राहणार, पानामागे मोबदला किती आणि केव्हा, आणि कॉमिकवर पुढे नाटक, मालिका किंवा वस्तू निघाल्या तर वाटणी कशी. पात्रं दोघांनी मिळून घडवली असतील तर तसंच लिहा. वेळापत्रक आखताना परीक्षेचे दोन महिने सोडून द्या. रेषा, शाई, रंग आणि अक्षरं एकटा माणूस करत असेल तर एका पानाला तीन-चार दिवस लागतात आणि शाळा-कॉलेज सांभाळून महिन्याला पाच-सहा पानांपेक्षा जास्त मागू नये.